सह्याद्रीचे डोंगर वरनं सपाट का? आणि ज्वालामुखीचं तोंड नक्की कुठंय?

यवतेश्वर_पायथा (सातारा)

नमस्कार मंडळी. मुलगी आठवीत आहे, तिनं भूगोलाच्या प्रकल्पाला आपले साताऱ्याचे डोंगर घेतलेत आणि ती जे विचारतीय त्यातल्या निम्म्या गोष्टींची उत्तरं घरात कुणालाच देता येईनात म्हणून इथं टाकतोय. पहिलं म्हणजे आपले डोंगर वरनं असे सपाट का? अजिंक्यतारा बघा, यवतेश्वरचं पठार बघा, सज्जनगड, पाचगणीचं टेबल लँड, कास, हिमालयाच्या फोटोत असतात तशी टोकदार शिखरं आपल्याकडं जवळजवळ नाहीतच. दुसरं, उन्हाळ्यात गवत वाळून गेलं की डोंगराच्या अंगावर आडवे पट्टे दिसतात, एक काळा कडा, मग जरा उतार, मग परत कडा, आणि समोरासमोरच्या दोन डोंगरांवर हे पट्टे जवळजवळ एकाच उंचीला असतात, हे तिनंच मला बोगद्याच्या पुढं गाडी थांबवून दाखवलं.

शाळेत सांगितलंय की हे सगळं ज्वालामुखीनं झालंय, मग त्याचं तोंड कुठंय? ओळखीत कोण म्हणतं कास तलाव म्हणजेच ते तोंड, कोण म्हणतं टेबल लँड, कोण थेट लोणारला जातं. आणि एक प्रश्न माझा स्वतःचा, कोयनेला भूकंप होतात ते खालचा ज्वालामुखी अजून गरम आहे म्हणून का? नेटवर बघितलं तर दहा ठिकाणी दहा गोष्टी लिहिल्यात. ज्यांचा अभ्यास आहे त्यांनी जरा नीट समजेल असं सांगा, पोरीला पण वाचून दाखवणार आहे.


कातळ_कराड

दादा, मुलीची नजर चांगली आहे. समोरासमोरचे पट्टे एका उंचीला आहेत हे तिनं बघितलं, तिथंच निम्मं उत्तर आलं. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, कंटाळा करू नका.

आधी ते तोंडाचं. ते शोधू नका, कारण आपल्याकडचा लाव्हा डोंगराच्या टोकातनं उसळून आलेलाच नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यातनं पातळ लाव्हा वर येऊन चहूकडं पसरत गेला. एक लोट आला, पसरला, थंड होऊन त्याचा कातळ झाला, मध्ये काही काळ गेला, मग त्याच्यावर दुसरा आला, भाकरीची चवड रचत जावी तसे एकावर एक. ही गोष्ट साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची, आणि त्यातला बहुतेक लाव्हा १० लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असं मानतात, भूशास्त्राच्या हिशोबात हा काळ अगदीच थोडा. एवढी झीज होऊनसुद्धा आज ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास हा खडक शिल्लक आहे, महाराष्ट्राचा बहुतेक भाग, शिवाय गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर कर्नाटक. म्हणजे साताऱ्यात उभं राहून तोंड कुठंय विचारलं तर ज्या भेगांतनं लाव्हा आला त्यातल्या बऱ्याच उत्तरेला, नाशिक-इगतपुरीकडं आणि त्याच्याही वर धुळे-नंदुरबारच्या बाजूला. तिथं जमिनीतनं उभ्या भिंती निघाल्यासारखे खडक दिसतात, ते म्हणजे भेगांतच थिजलेला लाव्हा.

कास तलाव हे बांध घालून अडवलेलं पाणी आहे, त्याचा ज्वालामुखीशी संबंध नाही. लोणारचं विवर उल्कापातानं पडलंय, ते सुद्धा याच काळ्या खडकात, पण खडक तयार झाल्यावर फार फार नंतर.

आता पट्टे. लाव्ह्याचा एकेक लोट आतनं सारखा नसतो. खालचा आणि मधला भाग सावकाश थंड होतो, तो घट्ट, जड, काळाशार असतो आणि त्याला उभ्या चिरा पडतात, त्यामुळं तो झिजताना सरळ कापल्यासारखा तुटतो, तो तुमचा कडा. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकलेले असतात, तो भोकाभोकांचा खडक होतो, लवकर कुजतो, त्याचा मुरूम आणि माती होते, त्यावर झाडं धरतात, तो तुमचा उतार. परत वरचा लोट, परत कडा. सज्जनगड खालनं बघा, वरचा कडा आणि त्याच्याखालचा झाडीचा पट्टा कसा वेगळा दिसतो. गडकोट बांधणाऱ्यांना हे बरोबर ठाऊक होतं, कडा ही फुकटची तटबंदी, बुरूज-दरवाजे फक्त कडा तुटलाय तिथं घालायचे.

आणि सपाटी. आपण डोंगर म्हणतो ते उरलेलं आहे, हे मुलीला नीट सांगा. आधी सगळं एकच पठार होतं. त्यात कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी यांनी आणि त्यांच्या ओढ्यांनी दऱ्या कापल्या. मधला भाग पाण्यानं नेला, बाजूला जे राहिलं त्याला आपण अजिंक्यतारा म्हणतो, यवतेश्वर म्हणतो. म्हणून पट्टे दरीच्या दोन्ही बाजूंना जुळतात, कधीकाळी ते सलग होते. हिमालयात दोन भूखंड एकमेकांवर आदळून थर चुरगळले, उभे झाले, म्हणून तिथं टोकं. आपले थर जवळजवळ आडवेच राहिलेत, दक्षिणेकडं एक अंशापेक्षाही कमी कललेत.

कोयनेबद्दल पाटणची मंडळी इथं असतील, त्यांनी लिहावं.


रानवाटा_सातारा

सरांनी मस्त लिहिलंय, माझं थोडं त्याला जोडून. आपल्या भागातल्या लोकांना हे माहीतच नसतं की जगभरातले भूशास्त्रज्ञ या थरांना आपल्या गावांच्या नावानं ओळखतात. दख्खनच्या लाव्ह्याचे रासायनिक घटकांवरनं गट पाडलेत, त्यातल्या सगळ्यात वरच्या म्हणजे नंतरच्या गटाचं नाव वाई, आणि त्यात खालनं वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर अशी थरांची नावं आहेत. म्हणजे पोलादपुरातनं आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला आलात की तुम्ही त्या पुस्तकाची पानं एकेक करून चढून आलात. उत्तरेकडचे थर खालचे आणि जुने, जव्हार, इगतपुरी, नेरळ, भीमाशंकर, खंडाळा अशी त्यांची नावं, आणि थर दक्षिणेला कललेत म्हणून जसजसं खाली आपल्याकडं याल तसतसे नवे थर उघडे दिसतात.

आणि मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे आंध्रात राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठाला बेसाल्टचे (म्हणजे आपल्यासारख्याच काळ्या कातळाचे) थर आहेत, त्यांची रासायनिक तपासणी केल्यावर ते आपल्या आंबेनळी आणि महाबळेश्वर थरांशी जुळतात. इथनं तिथं हजार किलोमीटरच्या आसपास अंतर! बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे की लाव्हा त्यावेळच्या नदीखोऱ्यांतनं वाहत तिथपर्यंत गेला. पृथ्वीवरच्या सगळ्यात लांब वाहिलेल्या लाव्ह्यांत त्याची गणती होते.

अजून एक, लाव्हा थंड होताना त्यातले लोहाचे कण त्यावेळच्या पृथ्वीच्या चुंबकाच्या दिशेला लागतात आणि तसेच थिजतात. महाबळेश्वरच्या घाटात खालच्या थरांत ही दिशा आजच्या उलटी आणि अगदी वरच्या थरांत सुलटी सापडते. म्हणजे लाव्हा येत असतानाच पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव पालटले आणि ती नोंद आपल्या घाटात पडून आहे. घाटातनं गाडी काढताना हे आठवलं की मला तर वेगळंच वाटतं.


स्पर्धा_इस्लामपूर

एक शंका. आम्हाला क्लासमध्ये सह्याद्री हा गट पर्वत आहे, प्रस्तरभंगामुळं, म्हणजे जमीन भेगेवर तुटून सरकल्यामुळं, कोकणची बाजू खचली आणि कडा तयार झाला असं शिकवलंय. परीक्षेत पण तसंच लिहितो. वरती सर म्हणतायत पाण्यानं कापलंय. मग नक्की काय धरायचं?


कातळ_कराड

परीक्षेत पुस्तकात आहे तेच लिहा, मार्क घालवू नका. पण समजून घेताना असं घ्या.

लाव्हा येत होता त्याच सुमाराला आणि त्यानंतर लगेच भारताची पश्चिम बाजू फुटली. आजचं सेशेल्स आणि भारत तेव्हा चिकटलेले होते, ते साधारण ६ कोटी ३० लाख वर्षांपूर्वी वेगळे झाले. त्या फुटण्यात पश्चिमेला मोठे प्रस्तरभंग झाले, किनाऱ्याकडची बाजू खाली गेली, आतली उचलली गेली. इथपर्यंत पुस्तक बरोबर आहे. पण जिथं जमीन तुटली ती जागा आजच्या कड्याच्या पायथ्याला नाही, ती कितीतरी पश्चिमेला, आजच्या किनाऱ्याजवळ किंवा समुद्रात. मग कडा इथं कसा? तर तिथनं झिजत झिजत मागं सरकत आला. कोकणातल्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या, त्यात पाऊस बेफाम, त्या खालनं पोखरतात, वरचा कडा ढासळतो, परत पोखरतात. कोट्यवधी वर्षं हेच चाललंय आणि अजून थांबलेलं नाही. सह्याद्री म्हणजे पठाराची झिजून मागं हटलेली पश्चिम कड, असं म्हटलं तर ते जास्त नेमकं होईल.

याला एक चांगला पुरावा आहे. आपला काळा खडक बेळगाव-गोव्याच्या आसपास संपतो. पण डोंगररांग संपत नाही! तापीपासनं कन्याकुमारीपर्यंत ती १६०० किलोमीटर जाते, मध्ये फक्त पालघाटला मोठी खिंड आहे. खाली कर्नाटक-केरळात खडक पार वेगळा, ग्रॅनाइट, नाइस, चार्नोकाइट असे अतिशय जुने. सगळ्यात उंच शिखर अनाईमुडी, २६९५ मीटर, ते पण केरळात, लाव्ह्यापासनं कितीतरी लांब. आपलं कळसूबाई १६४६ मीटर. आता खडक बदलला तरी पश्चिमेचा कडा आणि पूर्वेचा उतार ही तऱ्हा तीच राहते, म्हणजे डोंगराचा आकार लाव्ह्यानं ठरवलेला नाही. लाव्ह्यानं आपल्या भागात माल पुरवला, आकार दिला तो जमीन फुटण्यानं, उचलण्यानं आणि पावसानं. मी वर्गात मुलांना हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची पोरं पण मान वर करायची.


माणदेश_विहीर (दहिवडी)

डोंगराच्या गोष्टी चालल्यात तर आमच्याकडचं पण बोलायला पाहिजे, सह्याद्री म्हटलं की सगळे महाबळेश्वर-कासवरच थांबतात. महाबळेश्वरपासनं एक फाटा पूर्वेला निघतो, शंभू महादेवाचे डोंगर, शिखर शिंगणापूर त्यातच. त्याच्या उत्तरेचं पाणी नीरेला जातं, आमची माणगंगा भीमेला जाती आणि दक्षिणेची येरळा खटावातनं निघून पार सांगलीकडं कृष्णेला मिळती. दगड तोच, काळा कातळ. पण महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि आमच्या माण तालुक्यात पाचशेच्या आसपास, ते पण नशीब असलं तर. मध्ये अंतर शंभर किलोमीटर पण नाही. ढग समुद्राकडनं येऊन कड्याला थटतात, वर चढताना गार होऊन तिथंच रिकामे होतात, आमच्याकडं येतो तो नुसता वारा.

मी विहिरी आणि बोअरची जागा बघायचं काम करतो, त्यामुळं सर म्हणतात ते थर आम्ही आतनं बघतो. विहीर खणताना वर काळी माती, मग मुरूम, मग फुटका कातळ, मग एक भोकाभोकांचा थर लागतो, त्या भोकात पांढरी, कधी हिरवट स्फटिकं भरलेली असतात, हातात घेतली की उन्हात चकाकतात. त्याच्या खाली-वर कुठंतरी एक लाल पट्टा लागतो, विटेसारखा रंग, वीतभर ते पुरुषभर जाडीचा, नखानं खरवडला तरी निघतो. जुने लोक तिथं पाणी बघायचे आणि ते खरं आहे. लाल थर चिकणमातीसारखा, पाण्याला खाली जाऊ देत नाही, त्याच्यावरच्या फुटक्या थरात पाणी साठतं आणि आडवं सरकत जाऊन डोंगराच्या उतारावर जिथं हा पट्टा उघडा पडतो तिथं झरा म्हणून निघतं. गडावरची टाकी पण बरीचशी असल्याच ठिकाणी खोदलेली असतात.

आणि आता जरा मनातलं लिहितो. घट्ट काळ्या कातळात पाणी राहायला जागाच नसते, जे काय असतं ते भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. लोक पाचशे, सातशे, हजार फूट बोअर मारतात, खालच्या भेगेतलं कधीचं साठलेलं पाणी एकदा लागतं, दोन वर्षं चालतं आणि मग बोअर कोरडी. खालचं पाणी भरून यायला वर पाऊस मुरला पाहिजे आणि आमच्याकडं मुळात पाऊसच कमी, वरनं उतार उघडे बोडके. ज्या गावांनी डोंगराला समतल चर काढले, ओढे अडवले, त्यांच्या विहिरींना पाणी टिकतं हे मी डोळ्यानं बघतोय. दगडाची जात समजून घेतल्याशिवाय पैसे घालू नका, कर्ज काढून बोअर मारणारी माणसं बघितली की पोटात तुटतं.


यवतेश्वर_पायथा

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. माणदेशच्या दादांचं पोरीनं दोनदा वाचलं. तो लाल पट्टा नक्की कशाचा, सर?


कातळ_कराड

दोन लोटांच्या मध्ये जो काळ गेला त्याचा. लाव्हा थंड होऊन उघडा पडला की ऊन-पावसानं त्याची वरची साल कुजते, काही ठिकाणी वर ज्वालामुखीची बारीक राख पण बसते, लोह गंजून रंग लाल होतो. मग पुढचा तापलेला लोट त्याच्यावर पसरतो आणि ती माती भाजून निघते. पट्टा जाड असला तर मधली विश्रांती मोठी असावी असा अंदाज करता येतो. मध्य भारतात अशा मधल्या थरांत तळ्यांचा गाळ, शंखशिंपले, झाडांचे जीवाश्म मिळालेत, म्हणजे दोन लोटांच्या मधल्या काळात तिथं तळी होती, झाडं होती. हाच तो काळ जेव्हा डायनोसॉर संपले. मेक्सिकोत चिक्षुलूबला अशनी आदळली ती याच सुमाराला, ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, आणि दख्खनच्या लाव्ह्यातनं निघालेल्या वायूंचा त्यात किती वाटा होता यावर शास्त्रज्ञांचे वाद अजून चालू आहेत.


हेळवाक_पाटण

कोयनेचं मी सांगतो, आमच्या घरात ११ डिसेंबर १९६७ हा दिवस अजून काढतात. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी भूकंप झाला, तीव्रता ६.३ ते ६.५ अशी सांगतात, कोयनानगर आणि आजूबाजूची वाडी-वस्ती पडली, दीडशेहून जास्त माणसं गेली. आजी सांगायची की त्याच्या आधी चार-पाच वर्षं जमिनीतनं आवाज यायचे, भांडी वाजायची, आणि ते धरणात पाणी भरायला लागल्यापासनं सुरू झालं.

यवतेश्वरच्या दादा, ज्वालामुखीचा काही संबंध नाही. हा भूकंप आपल्या काळ्या कातळात होतच नाही, त्याच्या खाली होतो. हे अंदाजानं म्हणत नाही, तिथं खणून बघितलंय. कराडला केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे, त्यांनी आमच्या भागात बऱ्याच बोअर घेतल्या, आणि २०१७ ला गोठण्याला ३ किलोमीटर खोल बोअर पूर्ण केली. वरचे सुमारे साडेबाराशे मीटर बेसाल्ट, एकावर एक लाव्ह्याचे थर, आणि मग एकदम ग्रॅनाइट-नाइस, मध्ये गाळाचा खडकच नाही. म्हणजे लाव्हा थेट त्या जुन्या उघड्या जमिनीवर येऊन पसरला होता. तो खालचा खडक २५० कोटी वर्षांपेक्षा जुना. त्यात जुने विभंग (सरांनी सांगितले तसलेच प्रस्तरभंग) आहेत, आधीच ताण साठलेला आहे, आणि वर शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, १०५ टीएमसी पाणी. पाण्याच्या वजनाचा परिणाम असतोच पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे पाणी भेगांतनं खोल जातं, तिथला पाण्याचा दाब वाढतो आणि अडकून बसलेला विभंग सरकतो. पाण्याची पातळी वर-खाली होते तसे धक्के कमी-जास्त होतात. वारणेचं धरण भरल्यापासनं तिकडच्या बाजूला पण धक्के सुरू झाले. धरणामुळं होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास करणाऱ्यांना जगात कोयनेएवढी चांगली जागा दुसरी नाही असं शास्त्रज्ञ म्हणतात, आमच्यासाठी मात्र ते घर आहे, दर वेळी काळजात धस्स होतं. नवीन घर बांधणाऱ्यांनी कृपा करून आरसीसी पट्टे घाला, दगड-मातीच्या भिंतीवर स्लॅब टाकू नका.

आमच्या नदीची अजून एक गंमत म्हणजे कृष्णा, वेण्णा, उरमोडी सगळ्या पूर्वेकडं कलत जातात आणि कोयना एकटी महाबळेश्वरपासनं डोंगराला समांतर, सरळ दक्षिणेला साठ-पासष्ट किलोमीटर येते, आणि हेळवाकला काटकोनात पूर्वेला वळून कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. नकाशात बघा, कुणी पट्टी लावून आखल्यासारखी. खालच्या जुन्या विभंगांची दिशा वरच्या खडकात पण उमटली आणि नदीनं ती कमजोर रेघ धरली असं मानणारे बरेच आहेत. आणि ही नदी कड्याच्या इतकी जवळनं जाते म्हणूनच वीज प्रकल्प झाला, पाणी बोगद्यातनं पश्चिमेला काढलं की पोफळीला सुमारे पावणेपाचशे मीटर खाली पडतं. म्हणजे बंगालच्या उपसागराकडं निघालेलं पाणी वीज करून चिपळूणच्या वाशिष्ठीतनं अरबी समुद्राला जातं.


कृष्णाकाठ_सांगली

आम्ही सांगलीचे, डोंगर लांब दिसतो पण त्याचं सगळं आमच्या दारात येतं. आकडे बघा. कृष्णा उगम पावते महाबळेश्वरला, १३०० मीटरच्या वर. तिथनं वाईला येईपर्यंत ती ७०० मीटरच्या आसपास उंचीवर येते, म्हणजे थोडक्या अंतरात सहाशे मीटर खाली. आणि वाईपासनं आमच्या सांगलीपर्यंत एवढा मोठा प्रवास करून सांगलीची उंची साधारण ५५० मीटर, म्हणजे इतक्या अंतरात दोनशे मीटर पण उतार नाही. त्यामुळं डोंगरातनं पाणी झपकन खाली येतं आणि आमच्याकडं येऊन रेंगाळतं. त्यात वारणा आणि थोडं खाली पंचगंगा, सगळ्या त्याच कड्यावरच्या पावसाच्या, एकाच आठवड्यात भरून येतात. २०१९ ला आणि २०२१ ला पुरात आम्ही जे भोगलं त्याला धरणांचं पाणी सोडणं, पूररेषेतली बांधकामं, अशी बरीच कारणं आहेत आणि त्यावर भांडायलाच पाहिजे, पण जमिनीचा हा उतार कुणी लक्षातच घेत नाही.

आणि अरबी समुद्र उगमापासनं ६०-६५ किलोमीटरवर असताना कृष्णा १४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला जाते. पठाराची पाठ पूर्वेला कललीय, दुसरं काही नाही. तिथंच उगम सांगतात ती सावित्री मात्र कड्याच्या पलीकडं पडली आणि सरळ कोकणात.


रानवाटा_सातारा

२०२१ चा विषय निघालाच आहे तर. २२ जुलैला महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला. त्याच पावसात पाटण तालुक्यात आंबेघर, मीरगाव इथं दरडी आल्या, आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला. वर सरांनी कडा आणि उतार सांगितलाय ना, तोच उतार यात येतो. घट्ट कातळावर कुजलेला मुरूम आणि माती बसलेली असते, पाणी त्यातनं खाली मुरतं, कातळाला थटलं की पुढं जागा नाही, माती फुगते, जड होते आणि कातळावरनं अख्खी घसरते. आपल्या वाड्या नेमक्या या उताराच्या टप्प्यावरच वसलेल्या असतात कारण शेतीला माती तिथंच आणि झरा पण तिथंच. डोंगर उभा कापून रिसॉर्टचे रस्ते काढणाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला पाहिजे, पायथा कापला की वरच्या मातीला धरून ठेवणारं काही राहत नाही.


यवतेश्वर_पायथा

सगळ्यांचे मनापासनं आभार. पोरीचा अजून एक प्रश्न शिल्लक आहे, कासला आणि टेबल लँडला वरचा दगड काळा नाही, लालसर आहे, भोकं पडलेला. तो वेगळा ज्वालामुखी का? आणि सर, लाव्हा परत येईल का असं तिला रात्री झोपताना वाटलं, तेवढं सांगा.


कातळ_कराड

मुलीला सांगा निवांत झोप, परत येणार नाही. ज्याच्यामुळं हा लाव्हा वर आला तो खोल खालचा उष्णतेचा स्रोत जागेवरच आहे असं मानतात, भारत त्याच्यावरनं उत्तरेला सरकत गेला. आज तो हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. आपण तिथनं हजारो किलोमीटर लांब आलोय. कोकणात उन्हेरे, राजवाडी, तुरळ अशा ठिकाणी गरम पाण्याचे झरे आहेत ते पण ज्वालामुखीचे नाहीत, पाणी भेगांतनं खोल जाऊन पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापून वर येतं.

लाल दगड म्हणजे जांभा. तो वेगळा लाव्हा नाही, त्याच काळ्या कातळाचा झालाय. पठार सपाट असताना, दऱ्या कापल्या जायच्या आधी, उष्ण आणि पावसाळी हवेत लाखो वर्षं पाणी खडकातनं मुरत राहिलं, त्यानं सिलिका, चुना, सोडा असले विरघळणारे घटक वाहून नेले आणि लोह आणि ॲल्युमिनियम मागं राहिलं. ते हवेत कडक झालं. ॲल्युमिनियम जास्त राहिलं तिथं बॉक्साइट, कोल्हापूरच्या बाजूला त्याच्या खाणी आहेत. हा जांभा आपल्या भागात आज फक्त सगळ्यात उंच पठारांवर टोपीसारखा शिल्लक आहे, महाबळेश्वर, पाचगणी, कास, कारण ते त्या जुन्या सपाटीचे राहिलेले तुकडे. टोपी कडक आणि तिच्या खाली मऊ माती, त्यामुळं कडेची माती झिजून पोकळी होते आणि वरचे ठोकळे तुटून खाली येतात. टेबल लँडच्या कडेखालच्या गुहा बघितल्या असतील, त्यामागं हेच आहे.

कासची फुलं पण या जांभ्यामुळंच. माती बोटभर, पावसाळ्यात सगळं पाण्यात आणि मार्चला तापून तवा, मोठं झाड उभंच राहू शकत नाही. मग छोट्या छोट्या वनस्पतींना रान मोकळं मिळतं. नत्र इतकं कमी की दवबिंदू आणि सीतेची आसवं यांच्यासारख्या वनस्पती किडे पकडून खातात. २०१२ ला युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागांना जागतिक वारसा म्हटलं त्यात आपल्या राज्यातल्या चारच, कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी, आणि त्यातल्या तीन आपल्या साताऱ्या-सांगलीच्या आहेत. जांभ्यावर एकदा गाडीचं चाक फिरलं किंवा माती खरवडली गेली तर ती परत धरायला किती पिढ्या जातील, त्यामुळं तिथं मुलीला पायवाटेवरनंच चालायला सांगा.


रानवाटा_सातारा

प्रकल्पासाठी फोटो पाहिजे असतील तर दिवाळीनंतर जा, गवत पिवळं पडलेलं असतं, थर स्वच्छ दिसतात आणि दरडीची भीती नसते. वाईहून पसरणी घाटानं वर चढा, रस्त्यासाठी कापलेल्या भिंतीत दोन कड्यांच्या मध्ये लाल पट्टा आणि भोकाभोकांचा थर दोन्ही बघायला मिळतील, फक्त वळणावर गाडी लावू नका, मोकळी जागा बघून थांबा. वर पाचगणीला जांभा. दुसऱ्या दिवशी वेळ असला तर कराडजवळ आगाशिवची लेणी, घट्ट थरात लेणं कसं कोरलंय आणि भोकाचा थर लागला तिथं दगड कसा झडलाय ते हाताला लागतं. पाटणच्या दातेगडावर कातळात कोरलेली पायऱ्यांची विहीर आहे, ती पण बघा, तिच्या भिंतीवर पोरीला थर मोजायला लावा. दगड घरी आणायची गरज नाही, फोटोत शेजारी पट्टी ठेवली की जाडी कळते आणि सर लोक त्यालाच मार्क देतात.